सरळ फळ्या

२३ सप्टेंबर १९९७, मंगळवार. सकाळी साडेनऊला मी सानपाड्यातल्या माझ्या दुकानात, शटर अर्धं खाली ठेवून, पंजाबी ड्रेसच्या रिकाम्या खोक्यांत रद्दी भरत होते. एका खोक्यात दोन पेपर, चुरगाळून. त्याहून कमी घातले तर पंख्याच्या वाऱ्याने खोकी हलतात, हे मला आदल्या दिवशी कळलं होतं. एक खोकं वरच्या फळीवरून पतंगासारखं खाली आलं होतं. नशीब, तेव्हा दुकानात कोणी नव्हतं.

दुकान दहा बाय पंधराचं. तीन भिंतींना छतापर्यंत लाकडी फळ्या. उन्हाळ्यात त्या ठासून भरल्या होत्या. आता खालच्या दोन फळ्यांवर खरा माल होता आणि वरच्या सगळ्यांवर पेपर.

असं का झालं ते थोडक्यात सांगते. लग्नसराईसाठी मी पाच घाऊक व्यापाऱ्यांकडून साठ दिवसांच्या उधारीवर माल उचलला. माल खपला, पण निम्मा हप्त्यांवर. घेणाऱ्या बायका आसपासच्या सोसायट्यांमधल्या, रोज भाजीला दिसणाऱ्या. दोन हप्ते दिले आणि मग त्या समोरच्या फुटपाथवरून जायला लागल्या. मी पहिल्या व्यापाऱ्याला दुसऱ्याच्या मालाचे पैसे दिले, दुसऱ्याला तिसऱ्याच्या. याची टोपी त्याला. ऑगस्टअखेर सगळ्यात मोठ्या व्यापाऱ्याचे एक्क्याऐंशी हजार राहिले आणि माझ्याकडच्या टोप्या संपल्या.

मी भित्री बाई नाही. पण त्या महिन्यात मला जेवण जात नव्हतं, कारण कशाला भ्यायचं हे मला नेमकं ठाऊक होतं. दुकान काढण्याआधी सोळा वर्षं मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात हिशेब खात्यात होते. पैसे मागायला आलेल्यांना ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत, चेक सोमवारी’ असं सांगणं हे माझं काम. मी ते चांगलं करायचे. मग एक दिवस कारखाना बसतोय ही बातमी फुटली आणि दुपारपर्यंत फाटकाशी सात टेम्पो लागले. कोणी कच्चा माल उचलला, कोणी टाइपरायटर. एकाने माझ्या खुर्चीला हात घातला. मी उठले, त्याने ती नेली. नंतर कामगारांना जे काही मिळालं त्यातला माझा वाटा मी या दुकानात घातला होता. सगळाच.

तेव्हा माझी भीती एक्क्याऐंशी हजारांची नव्हती, बातमीची होती. कपड्याच्या बाजारात एकाला कळलं की तासाभरात पाचही जणांना कळतं. मग टेम्पो. आणि नवरात्राचा माल कोणीही उधार देणार नाही. नवरात्राच्या मालाशिवाय दिवाळी नाही, दिवाळीशिवाय दुकान नाही. घाऊक व्यापारी दुकानदाराची वही बघत नाही, फळ्या बघतो. भरलेलं दुकान म्हणजे पत. म्हणून पेपर.

त्या मोठ्या व्यापाऱ्याचा वसुलीचा माणूस महिन्यातून एकदा, मंगळवारी अकराला यायचा. साठीचा, उंच, पांढरी दाढी, हातात रेक्झिनची बॅग. मूळचा उरणकडचा, मोरा बंदराला घर. मी त्यांना चाचा म्हणायचे, ते मला बाय. त्या दिवशी ते बरोबर अकराला आले.

“काय बाय, बरी हायस?”

“बरी आहे चाचा. बसा.”

ते स्टुलावर बसले. मी समोरच्या टपरीवरून चहा मागवला. त्यांनी बॅग मांडीवर घेतली, चेन उघडली आणि तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं.

या धंद्यात एक रीत आहे. गिऱ्हाईक आत असेपर्यंत वसुलीचा माणूस पाहुणा असतो. पैशाचा शब्द काढत नाही. चाचांनी चेन बंद केली आणि कॅलेंडर बघायला लागले. मला हायसं वाटलं, ते जेमतेम मिनिटभर टिकलं.

आलेली बाई जवळच्या गावातली होती, आगरी. गळ्यात ठसठशीत सोनं, मागे लाजणारी मुलगी. पितृपक्षात कोण कपडे घ्यायला येतं, या भरवशावर मी होते.

“घेयाला नाय आली गो,” ती म्हणाली. “पितर चालू हान. नुसती बघतंय. पोरीची हलद हाय दिवालीनंतर.” मग तिने मान वर केली. “मना ती वरची लाल पेटी दाव.”

“ती एका गिऱ्हाइकासाठी बाजूला ठेवलीय.”

“मंग तिच्या बाजूची?”

“तीसुद्धा त्यांचीच.”

“आणि ती निली?”

मी काउंटरवरची टेप गुंडाळायला लागले.

“आगो बाय,” ती म्हणाली, “आखा दुकान एकाच गिऱ्हाइकान घेतला का काय?”

मुलगी फिस्सकन हसली. मी खालच्या फळीवरचे चार ड्रेस भराभर काउंटरवर उघडले. टाचण्या निघेनात. बाई निघून जावी असं मला वाटत होतं, आणि ती गेली की चाचा चेन उघडणार, म्हणून जाऊ नये असंही. बाईने ड्रेस चिमटीत धरून बघितले, ठेवून दिले आणि पुन्हा वर बोट केलं. “ती लाल दावाला काय पैसं लागतान?”

तेव्हा चाचा उठले. “मी काढतो,” म्हणाले. ते उंच, त्यांना स्टूल लागत नव्हतं. त्यांनी लाल खोक्याला बोटं लावली. खोकं बोटभर सरकलं, तेही नुसत्या स्पर्शाने. मी काउंटरची कड धरली.

त्यांनी खोकं होतं तसं मागे लोटलं. “बाय, यो माल आमचाच हाय,” ते त्या बाईला म्हणाले. “याचा रंग जातो. हलदीला घेऊ नको. पितर झाल्यावर ये, नवीन बघ.”

“बघ, ह्यो खरा बोलला,” बाई मला म्हणाली, आणि मुलीला घेऊन गेली.

चाचा पुन्हा स्टुलावर बसले. चहा आला. त्यांनी बशीत ओतला, फुंकला. मी उभीच होते. शेवटी त्यांनीच विचारलं, “पेपर भरलास की गवत?”

“पेपर.”

“दादरला एक होता, त्याने विटा भरल्या. बरा अक्कलवाला. पन विटेचा चुरा गळायचा, सदऱ्यावर पडायचा.” ते हसले नाहीत. “मला हात लावायची गरज नव्हती. आत आलो तवाच दिसलं. उन्हाळ्यात तुझ्या फळ्यांना मधी झोल होता, मालाच्या वजनाचा. आता बघ.”

मी बघितलं. फळ्या मोजपट्टीसारख्या सरळ होत्या. आठवडाभर मी खोक्यांचे रंग आलटून पालटून लावत होते, लेबलं समोर करत होते. फळ्यांकडे एकदाही बघितलं नव्हतं.

“शेठना सांगणार?” मी विचारलं.

“पगार कोन देतो मला?”

“चाचा, त्यांना कळलं की बाजाराला कळणार. मी उभी राहणार नाही परत.”

“ता मला म्हाईत हाय.” त्यांनी बशी खाली ठेवली. “आज मी इथून घरी जातो, नातीला ताप हाय. उद्या दुपारी बाराला पेढीवर. शेठचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, माल दिसतो का? शेठशी मी खोटा बोलनार नाय. चाळीस वर्सांत नाय बोललो, तुझ्यासाठी कशाला बोलू?” ते उठले, बॅग काखेत मारली. “पन बाराच्या आधी मी पेढीवर नसतो.”

ते स्टेशनकडे गेले. मी शटर अर्धं ओढलं आणि खाली फरशीवर बसले. पहिला विचार आला तो विटांचा. दुसरा, खरा माल पोत्यात भरून रातोरात घरी नेण्याचा. कारखान्याच्या मालकाने तेच केलं होतं. तो पळाला म्हणून टेम्पो आले होते. त्याने आधीच बोलावून सांगितलं असतं तर निम्मे तरी थांबले असते. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. सोळा वर्षं मी पैसे मागायला आलेल्यांची तोंडं बघितली होती. ‘पैसे नाहीत’ ऐकून माणूस चिडतो. ‘चेक सोमवारी’ तिसऱ्यांदा ऐकून तो टेम्पो शोधायला जातो.

संध्याकाळी जेवताना नवऱ्याला सांगितलं.

“किती?” त्याने विचारलं.

“एक्क्याऐंशी. एकट्याचे.”

“आणि बाकीच्यांचे?”

मी सांगितले. त्याने ताटातली भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. “मला कधी सांगणार होतीस?”

“सांगतेय ना.”

“चाचांनी पकडलं म्हणून सांगतेयस.”

ते खरं होतं. मी ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला शटर पूर्ण वर केलं आणि शिडी लावली. चौसष्ट खोकी खाली काढली, पेपर उपसले, खोकी दाबून चपटी केली आणि सुतळीने बांधून फुटपाथवर ठेवली. रद्दीवाल्याने सदतीस रुपये दिले. वरच्या फळ्या पुसल्या. रस्त्यावरून जाणारे आत वळून बघत होते. शेजारच्या चप्पलवाल्याने विचारलं, “काय ताई, दुकान खाली करताय?”

“खोकी खाली करतेय,” मी म्हटलं.

खरा माल मोजला, दोनदा. मग दहाला कोपऱ्यावरच्या पीसीओत गेले. काचेचा दरवाजा लावून घेतला. पाच नंबर कागदावर लिहिले होते, सगळ्यात मोठा वर. तो फिरवताना दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला, आणि शेठनेच फोन उचलला.

मी नाव सांगितलं आणि थांबले नाही. “तुमचे एक्क्याऐंशी हजार माझ्याकडे आज नाहीत. नवा माल मागत नाही. वरच्या फळ्या रिकाम्या आहेत, हे माझ्याकडून ऐका.”

पीसीओच्या मीटरवरचे लाल आकडे बदलत होते.

“चाचा तर अजून आले नाहीत,” शेठ म्हणाले.

“माहीत आहे. म्हणून आत्ता केला.”

“दुकानात आहे तरी काय?”

“एकशे बारा पीस. त्यातले एकोणपन्नास तुमचे. हवे तर घेऊन जा, नाहीतर मी विकून दर शनिवारी जे येईल ते पाठवते.”

“किती येईल?”

“ते आज सांगितलं तर खोटं होईल.”

“शनिवारी बघू,” ते म्हणाले आणि फोन ठेवला. मी रिसीव्हर हातातच धरून ठेवला, दुसऱ्या हाताने कागद सरळ केला आणि दुसरा नंबर फिरवला.