बाबांच्या नावाचा खड्डा

आणीबाणीच्या साली माझे बाबा मेले नाहीत म्हणून अख्खं गाव अडचणीत आलं. हसू नका, खरं सांगते.

देवळीजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती घर एकच, आमचं. मी तेव्हा मॅट्रिकला. बाबा सरकी काढायच्या जिनात कामाला होते. वर्षानुवर्षं कापसाची धूळ छातीत गेली आणि दिवाळीनंतर त्यांनी अंथरूण धरलं. एका सकाळी त्यांची शुद्ध हरपली. डॉक्टर म्हणाले, आजची रात्र निघणं कठीण आहे. शेजारच्या काकांना वाटलं, यांच्यात पुरतात, बाईमाणूस ऐनवेळी कुठे धावेल? चार माणसं घेऊन त्यांनी नाल्याकाठी, आमच्या आजोबांच्या थडग्याशेजारी खड्डा खणून ठेवला. मायेनं केलं हो, शिव्या तरी कशा द्यायच्या!

त्याच दुपारी बाबांनी डोळे उघडले. "काऊन खणून राह्यले? मी आहो ना अजून!"

नाला आमच्या घरापासून लांब, शेतांच्या पलीकडे. आणि त्यांना कोणी एक अक्षर सांगितलं नव्हतं.

रात्र निघाली. महिनाही निघाला. काका रोज दारात यायचे. "वहिनी, उघडा खड्डा भुकेला राह्यते. निदान कोहळा तरी पुरा त्यात." नुसता बुजवायला कोणी हात लावेना, रिकामा बुजवला तर तो घरातलं दुसरं माणूस ओढतो म्हणे. आईचं एकच, "देवाची वेळ देवाले माहीत. राहू द्या तसाच."

बाबांना मरणाचं भय नव्हतं, त्या खड्ड्याचं होतं. आयुष्यभर घरात प्रार्थना चालवणारा माणूस, आता आम्ही प्रार्थनेला बसलो की तोंड भिंतीकडे करायचा. "तिथं लय अंधार आहे वं. प्रभू तिथं येते का नाई, तेवढं सांग मले." आई त्यांची उशी सारखी करायची. वर्ध्याहून चर्चचे पाळक यायचे, धीर धरा म्हणायचे आणि चहा पिऊन जायचे. धीर धरा म्हणायला यांचं काय जातं! मी आईवरच खेकसले, "सांगून टाक ना त्यायले, येते म्हणून!"

"न पाहता कसं सांगू?" ती म्हणाली.

त्यानंतर ती रोज भर दुपारी नाहीशी व्हायला लागली. एकदा मी मागोमाग गेले. कापूस वेचणाऱ्या बाया भाकरी खायला गेलेल्या, शेतात चिटपाखरू नाही. नाल्याकाठी आई दिसेना. आणि जमिनीतून गाणं आलं. आमच्या उपासनेतलंच, बारीक आवाजात. माय वं! कशीबशी वाकून पाहिलं. खड्ड्याच्या तळाशी आई बसली होती, पाठ मातीला टेकलेली, केसांत काळी ढेकळं.

"वर ये!" मी रडायलाच लागले. "तुलेच ओढलं म्हणजे?"

"ओरडू नोको. प्रभूलेही असंच ठेवलं होतं ना? मंग पाहू दे मले."

मी तिला हात दिला. तिचा हात गार असेल असं वाटलं होतं. चुलीजवळून उठल्यासारखा ऊबदार होता.

वेचणी संपत आली तेव्हा एका पहाटे बाबांचा श्वास अडकायला लागला. नजर भिंतीवर खिळलेली. आई त्यांच्या कानाशी वाकली. "भेऊ नोका. मी पाहून आली. तिथं एकटं नाई वाटत."

"माहीत आहे मले," बाबा म्हणाले. दिवाळीपासून अंथरुणातून न उठलेला माणूस! "तुह्या बांगड्या ऐकू येत होत्या तिथं."

त्यांनी तोंड आमच्याकडे वळवलं आणि म्हणाले, प्रार्थना करा. ती संपायच्या आत ते गेले.

संध्याकाळी सगळं गाव नाल्याकाठी जमलं. खाली उतरून शवपेटी कोण घेणार, असं काकांनी विचारलं. त्या खड्ड्यात पाय टाकायला कोणी तयार होईना. आई आधीच उतरली होती.