गेरूखालचे डाग

आईचा पाय कसा बरा झाला, ही गोष्ट आमच्या नात्यात आत्या सांगते. बारशाला सांगते, वास्तुशांतीला सांगते, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगते. तिच्या गोष्टीत एक नागीण आहे, वाटीभर गेरू आहे आणि नागपूरचे डॉक्टर शेवटी आत्याचंच ऐकतात. मी समोर बसलेली असले तरी ती थांबत नाही. मी चारचौघांत बोलत नाही हे तिला माहीत आहे. म्हणून लिहिते आहे.

आईला बाबांची किडनी बसवली आहे. ऑपरेशन नागपूरला झालं. शरीराने ती किडनी परकी समजून नाकारू नये म्हणून तिला सकाळ-संध्याकाळ गोळ्या घ्याव्या लागतात, जन्मभर. या गोळ्या प्रतिकारशक्तीच दाबून ठेवतात, त्यामुळे नाही नाही ती दुखणी मागे लागतात. पहिल्याच वर्षी आईच्या कमरेवर नागीण उठली. पाण्याचे फोड आणि नुसती आग. नागपूरच्या डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितलं, बाबांनी ते आदिलाबादहून आणलं. त्याच दिवशी गुडीहत्नूरहून आत्या आली आणि तिने गेरू उगाळून कमरेला लेप दिला. आई बरी झाली. श्रेय गेरूला गेलं. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती.

मग गेल्या उन्हाळ्यात आईच्या नडगीवर जांभळट डाग आले. आईने ते आम्हाला दाखवायच्या आधी आत्याला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आदिलाबादजवळ मावल्याला आमच्या घरी हजर.

“नागीणच हाये वैनी. खाली उतरली.”

“पण आत्या, आग होत नाही तिला. फोडही नाहीत,” मी म्हटलं.

“काऊन गं, इंग्रजी शाळेत नागीण शिकवतेत काय?”

आई हसली. आत्याने पाय मांडीवर घेतला आणि लेप द्यायला सुरुवात केली. मग नियम सांगितले. पाय धुवायचा नाही, कोणाला दाखवायचा नाही. “अन् गेरू हाये तवरोक गोळी घ्याची नाही. गोळीनं नागीण खवळते.”

“किडनीच्या बी?” आईने विचारलं.

“गोळी म्हंजे गोळी.”

त्या गोळ्या बंद करता येत नाहीत, असं मी म्हटलं.

“काय म्हंते वो हे? तोंडातल्या तोंडात.”

मी पुन्हा म्हटलं. या वेळी आईच म्हणाली, “घेतो मी. जा तू आत.”

आत्या लेप देऊन गेली आणि नंतर आईच स्वतः देत राहिली. लाल थराखाली काय चाललंय ते कोणालाच दिसत नव्हतं. पण लुगड्याचा काठ वर सरकला की लेपाच्या बाहेर नवे डाग दिसायचे, घोट्यापर्यंत. काही आता उंच झाले होते. गोळ्यांचा गजर वाजला की आई तो बंद करायची आणि पुन्हा भाजी निवडायला बसायची. मी फ्रिजवरची पाकिटं उघडून पाहिली. गोळ्या तशाच होत्या.

आईला मी विचारलं नाही. दुकानात बाबांना मेसेज टाकला, आई गोळ्या घेत नाहीये. बाबांनी भरदुपारी किराणा दुकानाचं शटर ओढलं आणि घरी आले. ते कधी आवाज चढवत नाहीत. तेव्हाही चढवला नाही. दारातच उभं राहून म्हणाले, “अवं, माझ्या पोटातली काढून देल्ली ते काय गेरू लावाले?”

त्याच दिवशी नागपूर. रक्ताचा रिपोर्ट वाईट होता, शरीर किडनी नाकारायला लागलं होतं. आईला दाखल केलं, पाय धुतला, डागाचा तुकडा तपासायला पाठवला. तिथल्या एका डॉक्टरने पलंगापाशी उभं राहून माझ्याशी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. मला इंग्रजी येतं म्हणून नाही, आईला येत नाही म्हणून. एचआयव्ही आहे का, वडील बाहेरगावी असतात का, त्यांचे कुठे संबंध आहेत का. तपासणी करायलाच हवी होती, ते मला नंतर समजलं. पण आईच्या अंगावरून, आईबद्दल, आईच्या मुलीला हे विचारायचं, आणि आई तिथे नाहीच असं धरून चालायचं? मी मान खाली घालून नाही, नाही म्हणत राहिले.

तो गेल्यावर आई म्हणाली, “एचआयव्ही म्हनला ना तो? समजते मले. टीव्ही पाह्यतो मी.”

ती तपासणी निगेटिव्ह आली. तुकड्याच्या रिपोर्टमध्ये कपोसी सार्कोमा आलं. हा एका विषाणूमुळे होणारा त्वचेचा कॅन्सर. विषाणू अंगात गप्प पडून असतो आणि प्रतिकारशक्ती दाबली गेली की वर येतो. एचआयव्हीत होतो, तसा कधी कधी किडनी बसवलेल्यांनाही होतो. किडनीच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी हे आईला हिंदीत, आईकडे बघून सांगितलं. आधी किडनी सावरली. मग गोळ्या हळूहळू कमी केल्या, एक बदलून दुसरी दिली, प्रत्येक वेळी रक्त तपासून. काही महिन्यांत डाग फिके पडले. किडनी मात्र पहिल्यासारखी झाली नाही. मधल्या दिवसांत जेवढी गेली तेवढी गेली, आता ती किती वर्षं साथ देईल सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. बाबांकडे आणखी एक द्यायला नाही.

आणि आत्या सांगते, “मी काय म्हनलं होतं? गोळ्या सोड. डाक्टर बी तेच म्हनला.”

तिला मी एकदा सांगून पाहिलं की कमी करणं वेगळं आणि सोडणं वेगळं. “एकच झालं,” ती म्हणाली. एकच नाही झालं. एकाने डाग गेले, दुसऱ्याने किडनी जात होती. पण आत्याचं ऐकताना सगळ्या बायका माना डोलवतात, आणि आईही डोलवते. मला सगळ्यात जास्त राग त्याचा येतो. आत्याच्या गोष्टीत आईचं काही चुकलेलं नसतं. माझ्या गोष्टीत चुकलेलं असतं, म्हणून तिला माझी गोष्ट नको असते.

मागच्या आठवड्यात आत्या आली होती. संध्याकाळी आईने गोळ्या तळहातावर घेतल्या तेव्हा ती म्हणाली, “आता उरलेल्या बी सोड वैनी. डाग तं गेले.”

आईचा हात थांबला. खरंच थांबला, मी पाहत होते. मी उठले, पाण्याचा ग्लास घेऊन आईच्या अगदी समोर बसले आणि तो तिच्यापुढे धरून ठेवला. आईने आत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“पाह्यली का बाई, माही पोलीस,” असं म्हणून तिने गोळ्या तोंडात टाकल्या, पाणी प्यायलं आणि आ करून मला जीभ दाखवली. आत्या खो खो हसायला लागली.

“जीभ वर कर,” मी म्हटलं.

आईने केली. मी वाकून जिभेखाली नीट पाहिलं. आत्या हसायची थांबली होती.