दुसऱ्यांदा फिरवायचं फडकं

सिझरच्या बाईचं पोट धुऊनपुसून तयार करायचं काम सव्वीस वर्षं मावशींकडे होतं. आधीच्या सिझरचा व्रण सपाट, फिका, चिमटीत सहज येणारा असला, की त्या एकदाच पुसत आणि "झालं गं बाई" म्हणत. व्रण काळसर, आत ओढला गेलेला असला, तर काही न बोलता ओलं फडकं पुन्हा एकदा फिरवत. खाटेवरच्या बाईला काही कळत नसे. दारातल्या डॉक्टरीणबाईंना बरोबर कळे. आतही चिकटलेलं असणार. मग रक्त मागवलं जाई, मोठ्या डॉक्टरांना थांबवलं जाई. अंदाज कधी चुकेही, पण फार क्वचित.

एक दिवस खाटेवर मावशींची लेकच आली. पहिलं सिझर सासरी झालेलं, त्यामुळे तो व्रण मावशींनी कधी पाहिला नव्हता. मावशींनी गाऊन वर केला. काळा, घडी पडल्यासारखा खोल व्रण, चिमटीत येईचना. लेक टक लावून आईच्या तोंडाकडे बघत होती. पोर घाबरेल म्हणून मावशींनी एकदाच पुसलं, "झालं गं बाई" म्हटलं आणि थोरल्या नातवाच्या खोड्या सांगत सुटल्या.

बादली घेऊन बाहेर आल्या, तर डॉक्टरीणबाई आपल्या खोलीतून मोठ्या डॉक्टरांना फोनवर सांगत होत्या, की व्रण चांगला आहे, तुम्ही निघालात तरी चालेल. लेकीला धीर द्यायच्या नादात आपण फसवलं कुणाला, हे त्यांना तेव्हा उमगलं. दारावर टकटक न करता त्या पहिल्यांदाच त्या खोलीत शिरल्या.

"मी खोटं पुसलं, बाई. आत चिकटलंय. त्यांना जाऊ देऊ नका."

डॉक्टरीणबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि फोनमध्ये एवढंच म्हटलं, "सर, थांबा."

स्ट्रेचर निघालं तेव्हा लेकीने आईचा हात धरला.

"वाईट आहे ना गं?"

"कुणी सांगितलं?"

"तू कामात इतकी बडबड करतेस कधी?"

मूत्राशय वर सरकून चिकटलं होतं. ते सोडवता सोडवता दोन तास गेले, मागवलेलं रक्तही लागलं. पण नात सुखरूप आली, लेकही.

टाके काढायच्या दिवशी लेकीने विचारलं, हा व्रण कसा होईल?

"आत्ताच काय कळतंय? वर्षभराने बघू," मावशी म्हणाल्या. "आणि तिसऱ्याचं नाव काढू नकोस. मला तुझं पोट पुसायचं नाही."