खुर्चीतला तोतया

सूनबाई भिगवणहून आणलेली चिलापी मासळी तळत होती आणि मी मोबाइलवर त्या जुन्या अंतराळ मालिकेचा नवा भाग बघत होते. यानाचा कॅप्टन पुन्हा बदललाय. नाव तेच, गणवेश तोच, चेहरा मात्र तिसराच. तेवढ्यात तळणीचा वास नाकात शिरला आणि आबा आठवले.

आबा म्हणजे माझे सासरे. मी लग्न होऊन सणसरला आले, त्याच वर्षी पहिला कॅप्टन बदलला होता. नट बदललाय हे आबांना पटेचना. ताट पुढ्यात घेऊन ते टीव्हीकडं रोखून बघायचे. "ह्यो तोतया हाय. यानात कुणालाच कसा संशय येत न्हाय? खुर्चीत बसलाय बघ, पाव्हण्यावानी."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. सासूबाई आदल्या वर्षीच गेलेल्या, त्यांच्या चुलीपुढं आता मी. कॅप्टनचं नाव तरी तेच राहिलं होतं, माझं तर लग्नात तेही बदललेलं. आबांनी माझ्या हातच्या माशाचा घास घेतला, बराच वेळ चघळला आणि कॅप्टनकडं बघावं तसंच माझ्याकडं बघितलं. "चिंच कमी हाय," एवढंच म्हणाले.

तेव्हा मला भयंकर राग आला होता. आज वाटतं, गेलेल्या माणसाच्या जागेवर कुणीही बसलेलं त्यांना सोसत नव्हतं.

सूनबाईनं तुकडा आणून दिला. मी मोबाइलवरची नजर न काढता तो तोंडात टाकला. कॅप्टन खुर्चीत टेकला.

"तोतया हाय," मी पुटपुटले.

सूनबाईनं गॅस बारीक केला.

"कोण, आई?"