धाकटीची कापसाची वात

माझी धाकटी जाऊ कान पुसते. कानाच्या डॉक्टरांकडे ड्रेसर आहे ती. दिवसभर लोकांचे वाहते कान कोरडे करायचे आणि आत जंतुनाशक टाकायचं, हेच तिचं काम. मी फार्मासिस्ट. माझी पदवी दुकानाच्या भिंतीवर टांगलेली, आणि कौतुक मात्र तिचं. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "धाकटीच्या हाताला गुण आहे." गुण औषधाला असतो, हाताला कसला डोंबलाचा!

माझ्या लेकीचा उजवा कान दोन वर्षं वाहत होता, त्या कानाने ऐकूही येईनासं झालं होतं. आधी अँटिबायोटिक थेंब, मग गोळ्या, मग त्याहून भारी गोळ्या, सगळं माझ्याच दुकानातलं. शेवटी पू तपासायला दिला. रिपोर्टात एकूण एक औषधापुढे 'रेझिस्टंट', म्हणजे एकही लागू पडणार नाही.

डॉक्टर म्हणाले, "गोळ्या पुरे आता. पडद्याला भोक आहे. रोज कान कोरडा करून बोरिक पावडर फुंकायची. असाच वाहत राहिला तर हा कान कायमचा जाईल. तुमच्या जाऊबाई घरीच करतील की."

जाऊबाई! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोरिक पावडर तर माझ्या खालच्या फळीवर धूळ खात पडलेली. आठ दिवस मीच टाकली. कान जास्तच वाहू लागला, वास यायला लागला, वर्गात शेजारची मुलगी बाक बदलून बसली. नवव्या दिवशी नाक मुठीत धरून लेकीला धाकटीच्या खोलीत नेलं.

तिने टॉर्च मारून पाहिलं. "ताई, ओल्यावरच टाकलीत होय? आत नुसता चिखल झालाय."

मग काडीला कापूस गुंडाळून वात केली, कानात धरली, थांबली. ओली निघाली. दुसरी वात, तिसरी. अकरावी कोरडी निघाली तेव्हा कुठे तिने पावडरीला हात लावला. तिसऱ्या वातीलाच माझा धीर सुटला असता. मला कानाजवळ फिरकू न देणारी माझी लेक तिच्या मांडीवर झोपून गेली होती. मला ते बघवलं नाही.

महिनाभर हे रोज चाललं. लेक डावा कान तळहातावर टेकवून अभ्यास करते. मी तिच्या उजवीकडे बसून कपड्यांच्या घड्या घालायची आणि पुटपुटायची, "मिरवते मेली. चार वाती वळता आल्या की झाली डॉक्टरीण." त्या बाजूने लेकीला ऐकू येत नाही, ही माझी सोय होती. दोन वर्षांची सवय.

एकदा सगळे जेवायला बसलो होतो. लेक म्हणाली, "आई, तू काकूला मेली का म्हणतेस? काल घड्या घालताना म्हणालीस."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. माझी मान वर होईना.

धाकटीने ताट सरकवून लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "काल? डावा कान तर हातावर असतो तुझा. मग कुठल्या कानाने ऐकलंस?"

"उजव्या."

"ताई, ऐकलंत? उजव्या!" धाकटी रडायलाच लागली.

चिडली असती तर मी भांडले तरी असते. भांडणात मी कधी तिला हार गेलेली नाही.