लेस्टरचा उजवा हात

आमच्या बिरंगल गावच्या बँडला आजवर चार बँडमास्तर लाभले. पहिले दोघे देवाघरी गेले, तिसरा क्वीन्सलंडला गेला, आणि चौथ्या लेस्टर पॅजेटला कुठेच जायला मिळालं नाही.

लेस्टरने उभा जन्म शाळेची बस चालवली आणि बँडही तसाच चालवला. शेवटचं पोर चढल्याशिवाय गाडी हलायची नाही. इनिडबाईंची बोटं युफोनियम नावाच्या जाडजूड पितळी वाद्याच्या कळांवर ठाकठीक बसेपर्यंत तो छडी वर धरून थांबायचा, आणि मग आम्हा सगळ्यांना इनिडबाईंच्या चालीने न्यायचा. इनिडबाई दरवर्षी थोड्या थकत गेल्या, तसं आमचं संगीतही थकत गेलं. एकदा जत्रेत आम्ही झोकात परेडची धून वाजवत असताना एका परगावच्या माणसाने टोपी काढून मान खाली घातली. त्याला वाटलं, मयत आहे.

बस निदान बसून चालवता यायची. बँडपुढे उभं राहून राहून लेस्टरचा गुडघा कामातून गेला. एप्रिलातल्या एका तालमीला तो छडी खाली ठेवून म्हणाला, "मंडळी, ह्या अँझॅक डेनंतर मी थांबतोय. गुडघा तर आधीच थांबलाय. छडी कोण घेतंय?"

पितळी वाद्यांत फुंकून फुंकून पाणी साचतं, ते अधूनमधून झटकावं लागतं. त्या क्षणी अख्ख्या बँडला ते झटकायची एकदम आठवण झाली. सगळ्यांच्या माना खाली. मी तिसरं कॉर्नेट वाजवतो, म्हणजे धरून बसतो. माझं कॉर्नेट कोरडं ठणठणीत होतं, तरी मीही झटकत राहिलो.

"फरशी कोण धुतंय असं नाही विचारलं मी," लेस्टर म्हणाला.

"माझ्याकडे तर मुळीच बघू नकोस," मागून ब्रॉनविन कडाडली. ती दवाखान्यात नर्स, आणि आमच्याकडे मोठ्या ढोलावर. "दिवसभर म्हाताऱ्यांना गोळ्या गिळायला लावते. संध्याकाळी तेच म्हातारे तालात आणू?"

"मग बँड बंद पडेल, ब्रॉनविन."

"मग तू थांबू नकोस."

लेस्टरने एक खुर्ची ओढली आणि तो बसला. उरलेली तालीम त्याने बसूनच घेतली. आम्ही काय वाजवतोय याकडे त्याचं लक्ष होतं असं काही वाटलं नाही.

अँझॅक डे म्हणजे लढाईत गेलेल्या सैनिकांचा स्मरणदिन; त्याची परेड आमच्याकडे ठरलेली. पुढे लेस्टर, मागे बँड, त्यामागे छातीवर पदकं लावलेले जुने सैनिक, मग आगीचा बंब, शाळेची पोरं, आणि दरवर्षी कुणाचं तरी कुत्रं. पोस्टाच्या कोपऱ्यावर लेस्टरने उजवा हात वर केला की सगळ्यांनी उजवीकडे स्मारकाच्या रस्त्याला वळायचं. आम्ही रस्ता बघत नाही. एक डोळा वाद्याला अडकवलेल्या स्वरांच्या कार्डावर, दुसरा त्या हातावर.

कोपरा जवळ आला आणि बेकरीसमोर लेस्टरचा गुडघा दुमडला. तो लंगडत बाजूला झाला आणि बाकावर बसला. त्याने विचार केला असणार, आता चार पावलांचा तर प्रश्न आहे. सगळ्यांचा जन्म याच गावात गेलाय.

कोपरा आला. हात वर झाला नाही. कुणीच वळलं नाही.

स्मारक कुठे आहे हे शेवटच्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक होतं; पण हाताशिवाय वळायचं कसं? लेस्टर बाकावरून जीव तोडून ओरडत होता. पण छाती फुटेस्तोवर फुंका, हेही त्यानेच आम्हाला शिकवलेलं. तिकडे स्मारकापाशी महापौर हातात फुलांचं चक्र घेऊन उभे, आणि धून लांब लांब चाललेली. आम्ही गुरांचा बाजार ओलांडून थेट पुलावर पोचलो.

तिथे ढोलावर दोन दणके पडले. म्हणजे थांबा.

"कुठे निघालात रे सगळे? समुद्राला?" ब्रॉनविन ओरडली.

"जाऊ दे गं पोरी," सैनिकांतला सगळ्यात म्हातारा क्लेम म्हणाला. "लढाईतही आम्हाला असंच भलत्या रस्त्याला लावलं होतं. तेव्हा निदान बँड नव्हता."

"मागे फिरा! आणि कान माझ्या ढोलाकडे. हात वर करायला माझा हात मोकळा नाही."

परतताना ती नर्सच्या चालीने चालली. क्लेम मजेत होता, इनिडबाईंना धाप लागली. पोस्टाचा कोपरा आला तेव्हा लेस्टर बेकरीसमोरच्या बाकावरच होता, मांडीवर कुणीतरी दिलेला खिम्याचा गरम पॅटिस गार होत पडलेला, आणि उजवा हात सवयीने वर गेलेला. आता वळायचं होतं डावीकडे. ढोल वळला. त्याच्यामागे आम्ही वळलो. लेस्टरने हात हळूच खाली घेतला.

कार्यक्रम आटोपल्यावर ब्रॉनविन त्याच्यापुढे उकिडवी बसली. "गुडघा दाखव."

"आधी छडी घे."

"गुडघा!"

तिने दाबलं, तो केकाटला. तिने छडी घेतली आणि ताप मोजायच्या नळीसारखी काखेत धरली. "वर्षभर बघते. मग मीही म्हातारी होणार आहे."

पुढच्या तालमीला लेस्टर आला तो फक्त हॉलच्या किल्ल्या द्यायला. किल्ल्या टेबलावर ठेवून तो दारापर्यंत पोचलाही होता.

"मी इथे," ब्रॉनविन छडी हातात घेऊन म्हणाली, "मग ढोलावर कोण?"

अख्ख्या बँडच्या वाद्यांत पाणी साचलं.

लेस्टरने दाराकडे पाहिलं. मग आमच्या खाली गेलेल्या मानांकडे. बराच वेळ त्याने दाराची मूठ सोडली नाही.

"बसून वाजवता येतो का?"

"तालमीला येतो."

"आणि परेडला?"

"दवाखान्यात चाकांची खुर्ची आहे. ढकलायला कुणीतरी सापडेल."

लेस्टरने एक लांब सुस्कारा सोडला, एवढा की ट्यूबा वाद्यातून निघाला असता तर आमचा सगळ्यात चांगला सूर ठरला असता. मग खुर्ची ओढत तो मागे गेला, ढोलामागे बसला. आता नुसतं टक्कल दिसत होतं. ब्रॉनविनने छडी उचलली.

"थांब गं," ढोलामागून आवाज आला. "इनिड अजून चढली नाही."