चार लेवट्यांतला एक

प्राणिशास्त्राच्या प्रकल्पासाठी मला एक निवटी बाटलीत घालून न्यायची होती. सुरतेत तिला लेवटा म्हणतात. चिखलावरचं शेवाळ खाणारा बोटभर मासा. डुमसजवळच्या खाडीत मी दुपारभर घसरत होतो. तिथे लेवटे पकडणारी एक गुजराती मावशी माझ्याकडे बघून हसली, "कॉलेजमां लेवटा भणावे छे?" कॉलेजात लेवटेही शिकवतात याचं तिला नवल वाटलं.

शेवाळावरच्या चाटल्याच्या खुणांवरून ती बीळ ओळखायची आणि खांद्यापर्यंत हात आत घालायची. एकदा तिचा हात बराच वेळ आतच थांबला, मग हळूच रिकामा बाहेर आला.

"नथी, मासी?"

"छे. बाप इंडां साचवे छे."

बीळ रिकामं नव्हतं; अंडी राखत बसलेल्या नराला तिने बोटांनीच ओळखून सोडलं होतं.

भरती चढू लागली. तिच्या टोपलीत घरच्या कालवणापुरते चारच लेवटे होते. त्यातला मोठा तिने माझ्या बाटलीत टाकला. मी नको म्हणायला हवं होतं, पण मला मार्कांची काळजी होती.

बाटली आता कॉलेजच्या कपाटात आहे. तिच्यावरच्या चिठ्ठीत ‘पकडणारा’ या शब्दापुढे माझं नाव आहे. उधन्याला घरी बाबा बाटलीचा फोटो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवून अहिराणीत कौतुकाने सांगतात, "मन्हा पोऱ्यानी धरेल शे." त्यांना मी अजून खरं सांगू शकलेलो नाही.